हप्ता त्यांचा, हट्ट आमचा

पुरवठादाराला नवं मशीन घ्यायला लावणं फार सोपं असतं. वाहन कंपनीच्या व्हेंडर डेव्हलपमेंट विभागात मी उमेदीची वर्षं काढली, म्हणून हे खात्रीनं सांगतो. छोट्या कारखानदाराला मोठ्या गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नसतं. काम दुसरीकडे जाईल ही धास्ती त्याला कायम असते. कंपनीच्या माणसानं टेबलावर कॅटलॉग ठेवून ‘पुढच्या मॉडेलला हे लागणारच’ एवढं म्हटलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बँकेचा मॅनेजर करतो. कठीण काम त्यानंतर सुरू होतं. ते मशीन त्या शेडमध्ये चालतं राहील आणि मालकाला दोन पैसे मिळवून देईल, यासाठी गिऱ्हाइकानंही हात लावायचा असतो. मी तो लावला नाही. माझ्या शब्दावर विसंबून एका माणसानं दीड कोटीचा खर्च अंगावर घेतला आणि त्याची झळ एकट्यानं सोसली. त्यातल्या माझ्या चुका लिहून काढाव्यात असं गेली काही वर्षं मनात होतं, कारण त्याच चुका आज रोबो आणि ‘स्मार्ट फॅक्टरी’च्या नावानं दुसरी माणसं करताना दिसतात.

त्या उद्योजकाचं नाव सांगत नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे कोल्हापूरकडचे. तिथल्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसवून ते भोसरीत आले, भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलं आणि हळूहळू एमआयडीसीत स्वतःच्या शेडपर्यंत, चार व्हीएमसीपर्यंत (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरपर्यंत) पोचले. वयानं माझ्याहून मोठे, तरी मला ‘साहेब’ म्हणत. आमच्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग त्यांच्याकडे मशीनिंगला होतं.

२०१८ च्या सुरुवातीला ट्रकचा बाजार जोरात होता. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू होणार हे ठरलेलं होतं. मधला बीएस-५ चा टप्पा सरकारनं गाळला होता. त्यामुळे नव्या गाड्यांची घाई प्रत्येक कंपनीत होती. नव्या हाउसिंगच्या ड्रॉइंगवरचे टॉलरन्स जुन्यापेक्षा कडक होते. अण्णांकडे तो जॉब तीन व्हीएमसींवर चार सेटअपमध्ये होत असे. जॉब दर वेळी सोडून पुन्हा बांधायचा म्हटलं की थोडी चूक आत शिरतेच, आणि चार वेळा शिरलेली चूक शेवटी बेअरिंगच्या बोअरवर दिसते. यावर उपाय म्हणजे एचएमसी: आडवा स्पिंडल, फिरणारं पॅलेट, मधोमध उभा टूम्बस्टोन, त्याच्या बाजूंना जॉब बांधलेले. एका पॅलेटवर कटिंग चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावरचे जॉब बदलतो. जवळजवळ सगळं काम एकाच बांधणीत होतं. मशीनच्या आतच मोजमाप करणारा प्रोबही बसवता येतो. तांत्रिक निर्णय म्हणून मी सुचवलेलं मशीन योग्य होतं आणि आजही मी तेच सुचवीन. चुका मशीनच्या आजूबाजूला झाल्या.

अण्णांना मी एक एक्सेल शीट पाठवलं होतं. पाच वर्षांचा अंदाज, महिन्याला २,००० हाउसिंग. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: हे आकडे केवळ अंदाज म्हणून दिले आहेत. सोबत ओपन पीओ. ओपन पीओ म्हणजे काय हे भोसरी-चाकणमध्ये कुणाला सांगायला नको. त्यात रेट असतो, किती नग उचलणार हे नसतं. ते दर महिन्याच्या शेड्यूलवर ठरतं आणि शेड्यूल मधेच बदलूही शकतं.

अण्णांनी विचारलं होतं, “साहेब, ह्यातलं निम्मं तरी नक्की धरू ना?”

मी म्हणालो, “अण्णा, निम्म्याचं काय घेऊन बसलात? दुसरं मशीन कुठं बसवायचं ते बघून ठेवा.”

हे वाक्य बोलायचा मला अधिकार नव्हता. माझ्या सहीनं एकाही नगाची हमी देता येत नव्हती. पण खुर्चीला वजन असतं, आणि समोरच्यानं माझं बोलणं कंपनीचं बोलणं म्हणून ऐकलं.

या आकड्याला किती महत्त्व होतं, ते हिशेबावरून कळेल. मशीन, फिक्स्चर, टूलिंग, प्रोब, सगळं धरून खर्च दीड कोटीच्या आसपास. त्यातलं बँकेचं कर्ज एक कोटी दहा लाख, पाच वर्षांचं. हप्ता महिन्याला सुमारे दोन लाख चाळीस हजार. एका हाउसिंगला १५ मिनिटं धरली तर २,००० नगांना ५०० तास लागतात. म्हणजे मशीनच्या एका तासामागे नुसता हप्ता ४८० रुपये. वीज, टूल, पगार, जागा हे सगळं त्यावर. रेट आम्ही याच ५०० तासांवर बसवला होता. आता शेड्यूल ६०० नगांचं आलं असं समजा. काम १५० तासांचं, हप्ता तेवढाच. तासाला १,६०० रुपये. रेट मात्र पीओवर छापलेला, तोच. हा हिशेब मला येत नव्हता अशातला भाग नाही. अण्णांच्या बाजूनं तो कधी मांडूनच पाहिला नाही.

बाजार फिरायला वेळ लागला नाही. जुलै २०१८ मध्ये सरकारनं ट्रकची ॲक्सलमागची मान्य भारक्षमता वाढवली. त्याच ट्रकमध्ये जास्त माल नेता येऊ लागला, तेव्हा वाहतूकदारांनी नवे ट्रक घेणं लांबणीवर टाकलं. सप्टेंबरात आयएल अँड एफएसनं कर्ज थकवल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि ट्रकला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला. वरवर पाहता २०१८-१९ हे वर्ष विक्रमीच ठरलं, व्यावसायिक वाहनांची देशातली विक्री प्रथमच दहा लाखांवर गेली. पण कंपनीच्या आत वर्ष संपण्याआधीच उतार दिसू लागला होता. पुढच्या वर्षाचा सुधारित प्लॅन माझ्या टेबलावर आला, त्यात या हाउसिंगचा आकडा बराच खाली होता. तेव्हा अण्णांचं मशीन यायचं होतं. ॲडव्हान्स गेला होता, मोठी रक्कम भरायची बाकी होती. डिलिव्हरी सहा महिने पुढे ढकला म्हणून त्यांनी मशीनवाल्याला सांगितलं असतं, तर बहुधा ऐकलं गेलं असतं.

मी त्यांना सांगितलं नाही. प्लॅन गोपनीय आहे, हे कारण मी स्वतःला दिलं. ते कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. अण्णांनी मशीन थांबवलं असतं तर माझं प्रोजेक्ट लाल रंगात गेलं असतं आणि दर सोमवारच्या मीटिंगला मला त्याचा खुलासा करावा लागला असता. माझा सोमवार सुरळीत जावा म्हणून मी एका माणसाला पाच वर्षांच्या हप्त्यात जाऊ दिलं. या लेखातली ही सर्वांत मोठी चूक आहे.

मशीन बसण्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. फिक्स्चरचं डिझाइन करताना अण्णा आणि त्यांचा सेटर हाउसिंगचं कास्टिंग घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं म्हणणं दोन गोष्टींबद्दल होतं. हाउसिंगच्या पातळ भिंतींवर क्लॅम्प लावला की जॉब दबतो, आणि क्लॅम्प सोडला की बोअर अंडाकृती होतो. तेव्हा बाहेरच्या बाजूनं क्लॅम्पसाठी तीन छोटे पॅड कास्टिंगमध्येच द्या. दुसरं, एका भोकाचा बॉस चार मिलिमीटर बाहेर सरकवा, म्हणजे टूल होल्डर भिंतीला घासणार नाही आणि लांबलचक ड्रिल वापरावं लागणार नाही. टूल जितकं बाहेर लोंबतं तितकं ते थरथरतं, हे कुणीही सेटर सांगेल. दोन्ही सूचना बिनतोड होत्या.

मी म्हणालो, “ड्रॉइंग फ्रीज झालंय.”

बदल करायचा तर डायमध्ये बदल, फाउंड्रीशी बोलणं, डिझाइन विभागाची मंजुरी, पुन्हा चाचण्या, हे सगळं होतं, हे खरं. पण मी ती सूचना डिझाइनकडे पाठवलीसुद्धा नाही. ज्या माणसाला आम्ही नवं तंत्रज्ञान आणायला सांगत होतो, त्याला त्या तंत्रज्ञानाला साजेसा जॉब देण्याबद्दल एका शब्दानंही आम्ही चर्चा केली नाही. जुन्या पद्धतीनं बनवायच्या विचारानं काढलेलं ड्रॉइंग नव्या मशीनवर चढवलं. एचएमसीचा निम्मा फायदा तिथंच गेला. पुढच्या मॉडेलच्या हाउसिंगवर आमच्याच डिझाइनरांनी तसेच पॅड दिले, तेव्हा अण्णांचं नाव घ्यायलाही मी विसरलो.

आता उन्हाळ्याची गोष्ट. ती मी जरा सविस्तर सांगणार आहे.

मशीन डिसेंबरात बसलं. जानेवारी २०१९ मध्ये पीपॅप, म्हणजे उत्पादनाला मंजुरी देण्यापूर्वीची तपासणी, झालं. सलग तीस नगांची मापं आमच्या सीएमएमवर (मोजमापाच्या मशीनवर) घेतली, सीपीके, म्हणजे मापं टॉलरन्समध्ये किती नेमकी बसतात त्याचा आकडा, उत्तम आला, मी सही केली. एप्रिल अर्ध्यावर आला आणि आमच्या तपासणीत नग रिजेक्ट व्हायला लागले. दोन बेअरिंग बोअरच्या केंद्रांमधलं अंतर २५० मिलिमीटर, त्यावर टॉलरन्स अधिक-उणे ३० मायक्रॉन. अंतर कमी भरत होतं, प्रत्येक नगात कमीच. अण्णांकडच्या प्रोबचे प्रिंटआउट मात्र सगळे बरोबर. मशीन म्हणतं नग बरा, आमचं सीएमएम म्हणतं नग वाईट.

मी काय केलं? डेबिट नोटा काढायला लावल्या. अण्णांना ‘करेक्टिव्ह ॲक्शन’चा फॉर्म भरायला सांगितला. त्यांनी बिचाऱ्यांनी ऑपरेटर बदलला, इन्सर्ट बदलले, क्लॅम्पचा दाब बदलला. मी प्रत्येक वेळी फॉर्म परत पाठवला: मूळ कारण सापडलेलं दिसत नाही.

कारण सापडलं ते नांदेडकडच्या एका आयटीआय झालेल्या मुलामुळे. तो रात्रपाळीला होता. त्याच्या लक्षात आलं की परत येणाऱ्या नगांत त्याच्या पाळीचे नग जवळजवळ नसतात. तो काही दिवसपाळीवाल्यांपेक्षा हुशार नव्हता, हे त्यानंच अण्णांना सांगितलं. रात्री शेड थंड असते, एवढाच फरक.

धातू तापला की वाढतो. ॲल्युमिनियम एक मीटरला, एका अंशाला, सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. लोखंड-बीड त्याच्या जेमतेम निम्म्यानं. मोजमापाची खोली जगभर २० अंशांवर ठेवतात, कारण ड्रॉइंगवरचं माप २० अंशांचं असतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये जॉबचं तापमान ३६ च्या घरात जात होतं. १६ अंशांच्या फरकानं २५० मिलिमीटरचं अंतर ॲल्युमिनियममध्ये ९२ मायक्रॉननं फुगतं. मशीनचे स्क्रूही तापून वाढतात, पण निम्म्याहून थोडे कमीच. उरलेला ४८ मायक्रॉनचा फरक जॉबमध्ये उतरतो. तापलेल्या जॉबवर तापलेल्या मशीननं २५० मोजून बोअर केले, प्रोबनंही तापलेल्या मशीनवरच मोजलं आणि ‘ओके’ म्हटलं. जॉब आमच्या थंड खोलीत निवला आणि आखडला. टॉलरन्स ३०, चूक ४८. आणि पीपॅप जानेवारीत झालं होतं, गारठ्यात.

यावर उपाय असतो. हाउसिंग ज्या धातूचं, त्याच धातूचा, माप ठाऊक असलेला एक मास्टर टूम्बस्टोनवर कायम बांधून ठेवायचा. प्रोबनं आधी तो मोजायचा. जितका तो फुगलेला दिसेल, त्या प्रमाणात प्रोग्रॅममधली मापं मॅक्रोनं (छोट्या उपप्रोग्रॅमनं) वाढवून घ्यायची. कूलंटला चिलर लावायचा, म्हणजे दुपार आणि रात्र यांतलं अंतर कमी होतं. कास्टिंग उन्हातून थेट मशीनवर चढवायचं नाही. यात नवं काही नाही. आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हे की आमच्याच कारखान्यातल्या मशीन शॉपमध्ये ही पद्धत आधीपासून होती. तिथले प्रोसेस इंजिनिअर माझ्या कॅन्टीनमध्ये, माझ्या शेजारच्या टेबलावर जेवत होते. अण्णांच्या शेडपासून ते तासाभराच्या अंतरावर होते. त्यांना एक दिवस भोसरीला घेऊन जावं, हे मला सुचलं नाही. पुरवठादाराची अडचण ही त्याची अडचण, आपण फक्त तपासायचं, अशी आमच्या विभागाची रीतच होती आणि मी ती मोडली नाही. शेवटी मी त्यांना घेऊन गेलो तेव्हा दुपारपर्यंत मॅक्रो लिहून झाला होता. त्याआधीच्या डेबिट नोटा मात्र तशाच राहिल्या. त्या रद्द करून घेण्यासाठी मी वित्त विभागाशी भांडलो नाही.

आता डेटाबद्दल.

त्या काळात ‘इंडस्ट्री ४.०’ हे शब्द प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असत. माझ्याकडेही काही पुरवठादारांची मशीन्स ‘कनेक्ट’ करण्याचं उद्दिष्ट होतं. अण्णांच्या एचएमसीच्या इलेक्ट्रिकल कॅबिनेटमध्ये एक छोटी पेटी बसवली. कंट्रोलरमधून ती माहिती घेई: स्पिंडल किती वेळ कापतोय, किती वेळ रिकामा, अलार्म कधी आला, एका जॉबला किती वेळ लागला. ते सगळं आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसे. बसवताना अण्णांनी एकच प्रश्न विचारला, “साहेब, हे खरेदीवाल्यांना दिसणार नाही ना?” मी नाही म्हणालो. म्हणताना माझ्या मनातही खोट नव्हती. हा डेटा मशीन कुठं थांबतंय ते शोधायला आहे, असंच मी मानत होतो.

काही महिने त्याचा छान उपयोग झाला. टूल बदलायला ऑपरेटर स्टोअरमध्ये जाऊन थांबतो, त्यात किती वेळ जातो हे दिसलं, मग अण्णांनी टूलची ट्रॉली मशीनजवळ आणली. सेटरनं ड्रिल आणि चॅम्फर एकाच टूलमध्ये घेतलं, कटिंगचा क्रम बदलला. १५ मिनिटांचा जॉब १२ मिनिटांवर आला. ही अक्कल त्यांची, मेहनत त्यांची, नव्या टूलचा खर्चही त्यांचा. मी ते ऑफिसात कौतुकानं दाखवत होतो.

मग वार्षिक रेट ठरवायची वेळ आली. बाजार पडला होता आणि खरेदी विभागावर कॉस्ट डाउनचा मोठा दाब होता. एका दुपारी त्यांनी माझ्याकडे कनेक्ट केलेल्या मशीनच्या सायकल टाइमची शीट मागितली. मी ती चहा संपायच्या आत पाठवून दिली. अण्णांना दिलेला शब्द त्या क्षणी मला आठवलासुद्धा नाही. वाटाघाटीच्या टेबलावर ती शीट त्यांच्यासमोर ठेवली गेली: पंधराचे बारा झालेत, तर रेट त्या प्रमाणात खाली आणा. अण्णा भांडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

पुढे काही आठवड्यांनी मी त्यांच्या शेडमध्ये मशीनसमोर उभा होतो. कंट्रोलरच्या स्क्रीनवर प्रोग्रॅमच्या ओळी सरकत होत्या. टूल बदलून झालं की मशीन काही सेकंद नुसतं उभं राहत होतं. ओळीत जी-०४ होतं. जी-०४ म्हणजे थांब, काही करू नकोस. प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी ते घातलं होतं आणि सायकल टाइम हळूहळू पुन्हा वर सरकत होता. इथून पुढं आम्हाला दिसणारा आकडा त्यांनी ठरवलेला असणार होता. दीड कोटीचं मशीन, त्याचा मालक पैसे मोजून रिकामं उभं करत होता, कारण ते वेगानं चाललं तर त्याचाच तोटा होता. अण्णा शेजारी होते. मी स्क्रीनकडे बघितलेलं त्यांनी बघितलं. दोघंही काही बोललो नाही. त्यांना अप्रामाणिक ठरवण्याचा नैतिक अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

त्यानंतर मी जिथं जिथं ‘पुरवठादार डेटा शेअर करत नाहीत’ ही तक्रार ऐकली, तिथं तिथं मला ते जी-०४ आठवलं. पुरवठादार तंत्रज्ञानाला घाबरत नाहीत. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाला चांगल्या मशीनचं वेड असतं. अण्णा तर त्या स्पिंडलचा आवाज ऐकत उभे राहत. त्यांना भीती असते ती तंत्रज्ञानातून निघालेला फायदा दुसऱ्याच्या खिशात जाईल याची. ही भीती मी खरी करून दाखवली.

२०१९-२० मध्ये व्यावसायिक वाहनांची विक्री देशभरात सुमारे २९ टक्क्यांनी घसरली. आमच्या या हाउसिंगचं शेड्यूल ६०० वर आलं, मग त्याच्याही खाली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिलं. या काळात आमच्याकडून त्यांची बिलं वेळेवर निघाली असती तरी त्यांना श्वास घेता आला असता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावं लागतं. आमच्याकडे साठ-सत्तर दिवस हे नेहमीचं होतं. या व्याजाची मागणी अण्णांनी कधी केली नाही. गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज करणारा पुरवठादार पुढच्या कामाला मुकतो, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, असा नियम आला आहे. तो आधी असता तर बरं झालं असतं. पण आधीचाही कायदा होताच, आणि तो पाळायचा आग्रह मी माझ्या कंपनीत धरला नाही.

आमच्या व्हेंडर मीटमध्ये मी दर वर्षी एक गोष्ट सांगायचो. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथं आयसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथंच बनत असे. टोयोटाकडे साठा अगदी थोडा. कारखाने थांबले. मग साठहून अधिक कंपन्या पुढे आल्या, आयसिननं ड्रॉइंग वाटली, ज्याला जे मशीन होतं त्यावर त्यानं तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. शिलाई मशीनं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. ‘याला म्हणतात सहकार्य’, असं म्हणून मी स्लाइड बदलायचो. समोर बसलेल्या शंभरेक पुरवठादारांना त्याचा अर्थ एवढाच कळायचा की अडचणीच्या वेळी त्यांनी कंपनीसाठी धावायचं असतं.

या गोष्टीचा पुढचा भाग मी वाचला होता, पण सांगत नव्हतो. आपल्याला किती पैसे मिळणार हे विचारत न बसता त्या कंपन्या कामाला लागल्या, कारण ते मिळतील याची त्यांना खात्री होती. आयसिननं त्यांचा खर्च भरून दिला. शिवाय टोयोटानं आपल्या पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना त्या जानेवारी ते मार्च तिमाहीत त्यांनी टोयोटाला केलेल्या विक्रीच्या १ टक्का रक्कम दिली. हा विश्वास आगीनंतर आलेला नव्हता. टोयोटाच्या पुरवठादारांची संघटना १९४३ पासूनची आहे; एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन अडचण सोडवायची त्यांची अभ्यासमंडळं आहेत, आणि टोयोटाचे स्वतःचे तज्ज्ञ पुरवठादारांकडे जाऊन राबतात. जपानमध्ये सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही. किमती खाली आणण्याचा दबाव तिथंही कडकच असतो. पण मी अर्धी गोष्ट सांगून पुरवठादारांकडून पूर्ण निष्ठा मागत होतो.

अण्णांनी २०२१ मध्ये ते मशीन विकलं. राजकोटच्या एका कारखान्यानं ते घेतलं. कर्ज फेडायला त्यांना भोसरीतल्या शेडचा मागचा भागही भाड्यानं द्यावा लागला. नांदेडकडचा तो मुलगा चाकणला मोठ्या कंपनीत लागला. अण्णा आता व्हीएमसींवर पंपांचे भाग करतात. आमच्या कंपनीची कोटेशनची मागणी आली की नम्रपणे कळवतात, क्षमता शिल्लक नाही. मी नोकरी सोडल्यावर त्यांना भेटायला गेलो आणि सुधारित प्लॅन लपवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, “मला अंदाज होता.” पुढे मुलाच्या शिक्षणाबद्दल बोलत राहिले. ‘साहेब’ म्हणणं त्यांनी अजून सोडलेलं नाही, आणि ते ऐकणं मला जड जातं.

माझ्या जुन्या खुर्चीवर आज जे बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पुरवठादाराला मशीन घ्या म्हणण्याआधी आपल्या कंपनीकडून किमान किती नग उचलले जातील याचं सहीचं पत्र मिळवा, आणि त्याखाली शेड्यूल गेलं तर हप्त्यातला ठरलेला वाटा कंपनी देईल असं त्यात लिहून घ्या. असं पत्र मिळत नसेल तर मशीनचा विषय काढू नका. प्लॅन बदलला की त्याच दिवशी फोन करा. गोपनीयतेचा प्रश्न असेल तर गोपनीयतेचा करार आधीच करून ठेवा, तो एका पानाचा असतो. ड्रॉइंग फ्रीज होण्यापूर्वी त्यांच्या सेटरला आपल्या डिझाइनरसमोर बसवा. आपल्या मशीन शॉपमधल्या इंजिनिअरला महिन्यातून एक दिवस त्यांच्या शेडमध्ये पाठवा, शक्यतो मे महिन्याच्या दुपारी. मशीनमधला डेटा खरेदी विभागानं मागितला तर नाही म्हणा, आणि तो वाटाघाटीत वापरला जाणार नाही हे कंपनीच्या करारातच घालून घ्या, कारण तोंडी शब्द खरेदीच्या दबावाखाली टिकत नाही. माझा टिकला नाही. सायकल टाइम पुरवठादाराच्या कल्पनेनं कमी झाला तर पहिली काही वर्षं त्याचा फायदा त्याच्याकडेच राहू द्या.

आणि अण्णांसारखे जे कुणी हे वाचत असतील त्यांना: समोरचा इंजिनिअर कितीही सज्जन असो, त्याच्या शब्दावर हप्ता काढू नका. तो मनापासून बोलत असेल. मीही मनापासूनच बोलत होतो. किमान संख्येचं पत्र हातात पडेपर्यंत मशीनचा ॲडव्हान्स भरू नका.